पट्ट्याचा झटका

मेरठला पोस्टिंग आली तेव्हा आमच्या सामानात एक नग जास्त होता. काश्मीरमध्ये आमच्या पोस्टवर लंगरच्या आसऱ्याने वाढलेला काळा पहाडी कुत्रा, कालू. वर डोंगरात तो शहाण्यासारखा वागे. इथे छावणीच्या रस्त्यावर मात्र मोटरसायकल दिसली की त्याचा अवतार बदलायचा. मानेवरचे केस उभे, बेफाम भुंकणं आणि पट्टा हातातून सुटेल अशी झेप. एका संध्याकाळी पट्टा मुलीच्या हातात होता. तिचे दोन्ही गुडघे फुटले. बायको एवढंच म्हणाली, "याचं काहीतरी करा, नाहीतर याला दुसरं घर बघा."

मग मी मला ठाऊक होतं तेच केलं. कालू भुंकला की पट्ट्याला जोरात झटका आणि वर दरडावणी. खडकवासल्याच्या तीन वर्षांत रगड्याने माणूस सुधारतो हे अंगात भिनलेलं असतं. कुत्रा त्याला अपवाद का असावा? पंधरा दिवसांत कालू आणखी बिघडला. आता तो लांबून नुसता इंजिनाचा आवाज आला तरी भुंकू लागला.

सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं केंद्र मेरठलाच आहे. तिथून निवृत्त झालेल्या एका उस्तादांना मी कालू दाखवला. दहा मिनिटं त्यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "साब, ये बदमाश नहीं है, डरा हुआ है. और आप उसको सिखा रहे हो कि मोटरसाइकिल आती है तो गला दुखता है."

ते वाक्य डोक्यातून जाईना. हा झटका आला कुठून, हे शोधायला बसलो.

त्याची एक वाट आपल्याच पेशातून येते. कोनराड मोस्ट हा जर्मन पोलिसांत कुत्र्यांना शिकवणारा अधिकारी. 1910 मध्ये त्याचं श्वानशिक्षणावरचं पुस्तक आलं आणि पहिल्या महायुद्धात त्याने जर्मन सैन्यासाठी कुत्रे तयार केले. शाबासकी त्याच्याही पद्धतीत होती, पण पाया सक्तीचा होता. पट्ट्याचा झटका, काट्यांचा पट्टा, छडी. त्याच युद्धात 1917 मध्ये ब्रिटिशांनी शूबरीनेस इथे युद्धश्वानांची शाळा काढली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन नेमके उलट मताचे. कुत्र्याशी धसमुसळेपणा नको, चुकला तर पुन्हा शांतपणे शिकवा, असा त्यांचा आग्रह. फौजेत दोन्ही विचार होते. घरोघरी मात्र झटकाच जास्त पोहोचला.

भीतीचं गणित पुढे आलं ते प्रयोगशाळांतून. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलॉव्हच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. पिंजऱ्यांची दारं खाली होती, म्हणून नोकरांना पोहणाऱ्या कुत्र्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना बाहेर ओढावं लागलं. कुत्रे वाचले, पण त्यांतले काही शिकलेलं सगळं विसरून गेले. पुढे एक कुत्रा सावरल्यावर त्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर तो पुन्हा कोलमडला. त्या दिवशी पूर नव्हता, कुत्र्यापुरता मात्र होता.

त्याच वर्षी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवल्याची हकिकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि मूल शांत राहील तितकाच जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

यात पुन्हा फौज येते. दुसऱ्या महायुद्धात जोसेफ वोल्पे दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर होता. लढाईने खचलेल्या जवानांना औषधाची गुंगी देऊन आठवणी बोलत्या करायच्या, असा तेव्हाचा उपचार. गुण फारसा येईना. युद्धानंतर जोहान्सबर्गला त्याने मांजरांवर प्रयोग केले. विजेचा धक्का बसलेल्या पिंजऱ्यात मांजर जेवेना, म्हणून तो त्याला वेगळ्या खोलीत भरवू लागला, आणि मग हळूहळू त्या पिंजऱ्यासारख्या होत जाणाऱ्या जागांत. भीती ओसरली. हीच पायऱ्यांची रीत त्याने माणसांवर वापरली आणि 1958 च्या पुस्तकात मांडली. आज भुंकणाऱ्या, झेपावणाऱ्या कुत्र्यांसाठी जाणकार जे सांगतात, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे.

उस्तादांनी यांतलं एकही नाव घेतलं नव्हतं, पण सांगितलं तेच. गळ्याचा पट्टा काढून छातीला बसणारा हार्नेस घ्या. मोटरसायकल दिसूनही कालू भुंकत नाही, ते अंतर शोधा. आमचं निघालं साठ पावलं. आधी गाडी दिसू द्यायची, मग लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. गाडी गेली की खाऊ बंद. क्रम उलटा झाला तर खाऊ म्हणजेच संकटाची चाहूल होते. तो ताठरला, एकटक बघू लागला, की भुंकण्याआधीच वळून लांब जायचं. गुरगुरला तर रागवायचं नाही. गुरगुरणं ही त्याची पूर्वसूचना आहे, ती बंद पाडली तर उद्या तो न सांगता चावेल.

साठ पावलांची वीस व्हायला पाच महिने लागले. मध्ये दिवाळीत फटाक्यांनी सगळं पुन्हा चाळीसवर गेलं. त्या रात्री आम्ही दोघं आतल्या खोलीत बसलो होतो, पंखा फुल आणि रेडिओ मोठा. खिडकी मी त्याच्यासाठी लावली, असं बायकोला सांगितलं. तिने काही विचारलं नाही.

अजूनही सायलेन्सर काढलेली बुलेट आली की आम्ही रस्ता बदलतो. पण गेल्या रविवारी पट्टा मुलीच्या हातात होता. वळणावर मोटरसायकल आली. कालूने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीच्या खिशाकडे.