राणीची बाग (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान)

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे मुंबईतील भायखळा (पूर्व) येथील ऐतिहासिक वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय आहे. त्याचे मूळ नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ होते. राणी व्हिक्टोरियाच्या या नावावरून ‘राणीची बाग’ किंवा ‘राणीबाग’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले आणि अधिकृत नामांतरानंतरही ते टिकून राहिले. सुमारे ५० एकरांच्या या उद्यानाची व्यवस्था बृहन्मुंबई महानगरपालिका पाहते. मुंबईतील सर्वांत जुन्या सार्वजनिक उद्यानांत त्याची गणना होते. बहुतेक कुटुंबे येथे प्राणी पाहण्यासाठी येत असली, तरी उद्यानाची स्थापना वनस्पतींसाठी झाली होती.

इतिहास

पश्चिम भारतातील शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ला १८३० च्या दशकात शिवडी येथे बागेसाठी जागा मिळाली होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. दरम्यान भायखळा-माझगाव परिसरात नवी बाग उभी राहिली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती जनतेसाठी खुली झाली. १८७३ मध्ये सोसायटीचे काम थांबल्यानंतर बाग नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालयासाठी १८९० मध्ये आणखी जागा जोडण्यात आली. म्हणजे आधी बाग आणि नंतर प्राणी, असा हा क्रम आहे. स्वातंत्र्यानंतर उद्यानास छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे नाव देण्यात आले.

वृक्षसंपदा

अभ्यासकांच्या नोंदीनुसार उद्यानात २८६ जातींचे तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत. त्यांत देशी वृक्षांबरोबर आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आग्नेय आशिया येथून आणलेले वृक्षही आहेत. काही उल्लेखनीय वृक्ष पुढीलप्रमाणे :

गोरखचिंच : मूळचा आफ्रिकेतील वृक्ष. याच्या अवाढव्य खोडात पाणी साठते, म्हणून दीर्घ कोरड्या ऋतूतही तो तग धरतो. कोरड्या दिवसांत तो निष्पर्ण होतो. त्याची लोंबणारी पांढरी फुले रात्री उमलतात.

उर्वशी : मूळचा म्यानमारमधील, लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येणारा वृक्ष. भारतात तो दुर्मीळ आहे. त्याच्या शास्त्रीय नावात गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नीचे नाव गुंफलेले आहे.

कैलासपती : मूळचा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष. याची सुगंधी फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडावर येतात. फुलातील पुंकेसरांची रचना शिवलिंगावर फणा धरलेल्या नागासारखी दिसते, म्हणून हे नाव पडले. फळे तोफेच्या गोळ्यांसारखी गोल व कठीण असतात.

सीतेचा अशोक : केशरी-लाल फुलांचा देशी वृक्ष. रस्त्यांच्या कडेला लावलेल्या उंच, सरळसोट झाडालाही लोक अशोक म्हणतात. परंतु रामायणातील अशोकवनाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो हा वृक्ष होय. दोन्हींतील फरक येथे पाहता येतो.

कृष्णवड : याची पाने देठाजवळ दुमडून द्रोणासारखी होतात. बाळकृष्णाने या पानांत लोणी लपविले, अशी लोककथा आहे.

वास्तू व शिल्पे

उद्यानाचे प्रवेशद्वार रोमन विजयकमानीच्या धर्तीवर बांधलेले आहे. आवारात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेला घड्याळ मनोरा आहे. प्रवेशद्वाराजवळच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ते खुले झाले. त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवूड यांचा पुढाकार होता. १९७५ मध्ये संग्रहालयास डॉ. लाड यांचे नाव देण्यात आले.

संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती मूळचा घारापुरी बेटावरील आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना कोसळून भंगला. त्याचे तुकडे या बागेत आणण्यात आले व १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे ‘काळा घोडा’, १९६५ मध्ये फोर्ट भागातून येथे हलविण्यात आला. त्या चौकाचे नाव मात्र काळा घोडा असेच राहिले.

कौटुंबिक सहलीचे ठिकाण

भायखळा, लालबाग, परळ या गिरणगावातील चाळींपासून बाग जवळ आहे. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकापासूनही ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबांना मोकळी हवा, सावली व मुलांना धावायला जागा देणारे हे हक्काचे ठिकाण होते. सुट्टीच्या दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन यावे, झाडाखाली चटई पसरावी आणि परतताना भेळ किंवा चणे-शेंगदाणे घ्यावेत, असा या सहलीचा परिपाठ असे. गावाहून मुंबई पाहण्यास आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग व मलबार हिलवरील ‘म्हातारीचा बूट’ दाखविणे हा पाहुणचाराचाच भाग मानला जाई. हत्तीवरील फेरी हे एके काळी मुलांचे मोठे आकर्षण होते. शालेय सहलींमुळे मुंबईबाहेरील विद्यार्थ्यांनाही ही बाग परिचित झाली.

उद्यान बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आल्यास ते खुले ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची प्रथा आहे.

प्राणिसंग्रहालय, प्रवेशशुल्क व पुनर्विकासाचा वाद

२००७ च्या सुमारास महापालिकेने परदेशी सल्लागारांच्या साहाय्याने चारशे कोटींहून अधिक खर्चाचा पुनर्विकास आराखडा तयार करविला. प्राण्यांसाठी अधिक प्रशस्त व नैसर्गिक निवासस्थाने करणे हा त्याचा उद्देश होता. जुन्या अरुंद पिंजऱ्यांची स्थिती पाहता सुधारणेची गरज सर्वांनाच मान्य होती. मात्र बांधकामामुळे जुने वृक्ष व वारसावास्तू यांना धोका पोहोचेल आणि वनस्पती उद्यान हे स्वरूप लोपेल, असा आक्षेप घेत नागरिकांनी राणीबाग बचावाची चळवळ उभारली. चळवळीतील कार्यकर्त्यांनी झाडांची नोंद केली, लोकांसाठी वृक्षदर्शनाच्या फेऱ्या आयोजित केल्या आणि प्रशासनाकडे पाठपुरावा केला. पुढे मूळ आराखड्यात बदल करण्यात आले.

सुधारित योजनेनुसार जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाल्याने थंड प्रदेशातील पक्षी मुंबईत ठेवण्याच्या निर्णयावर टीका झाली. मार्च २०१७ मध्ये हे दालन लोकांसाठी खुले झाल्यावर तेथे मोठी गर्दी होऊ लागली. २०२० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आणण्यात आली.

ऑगस्ट २०१७ मध्ये प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली. प्राण्यांच्या देखभालीसाठी वाढ आवश्यक असल्याची महापालिकेची भूमिका होती. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची स्वस्त सहल त्यामुळे महागली, असे विरोधकांचे म्हणणे होते. पेंग्विन न पाहता केवळ झाडांखाली बसू इच्छिणाऱ्यांनाही तेच शुल्क भरावे लागते, हा या वादातील एक मुद्दा होता.

महत्त्व

गिरण्या बंद पडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिलेल्या मध्य मुंबईत एवढ्या विस्ताराची जुनी वृक्षराजी अन्यत्र क्वचितच आढळते. प्राणी एका संग्रहालयातून दुसरीकडे हलविता येतात. दीडशे वर्षांची झाडे मात्र हलविता येत नाहीत आणि नव्याने लावून लगेच मिळतही नाहीत. त्यामुळे उद्यानाच्या प्रत्येक नव्या योजनेच्या चर्चेत वृक्षांच्या संरक्षणाचा प्रश्न अग्रभागी राहिला आहे.