पाच मिलिवॅट कुणी मोजले?

डिसेंबरात गडचिरोलीकडे आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेतला की रात्री अकरानंतर एक गोष्ट हमखास होते. हिरवा लेझर पॉइंटर मंदावतो. मृग नक्षत्र दाखवता दाखवता रेघच दिसेनाशी होते. मग कुणीतरी म्हणतं, ‘सेल गेले वाटते’. दुसरा पॉइंटर मुठीत धरून गरम करतो, आणि रेघ परत येते. एकदा एका मुलाने, आत काय झालं ते पाहायला, बटण दाबलेलंच ठेवून पॉइंटरचं तोंड स्वतःकडे वळवलं. मी हात मारून तो खाली पाडला. अंगावर खरंच काटा आला, कारण तेव्हा मला एवढंच माहीत होतं की त्या पॉइंटरवर ‘5 मिलिवॅटपेक्षा कमी’ असं छापलंय. ते कुणी मोजलं, कधी मोजलं, मोजलं तरी का, काहीच माहीत नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी या वस्तूचा इतिहास वाचायला घेतला. पीएच.डी.चा विषय बाजूला ठेवून, हे गाईडना सांगू नका.

सुरुवात सगळ्यांना पाठ असते: 16 मे 1960, थिओडोर मेमन, माणकाच्या कांडीचा लेझर. पण आपल्यासाठी त्याहून जवळचं नाव आहे चंद्र कुमार पटेल. जन्म 1938, बारामती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी, पुढे स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्स. तिथे 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर केला. पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो आजही वापरात आहे. त्याच 1964 च्या सप्टेंबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात घरी हीलियम-निऑन लेझर कसा बांधायचा याचा लेख आला. 1971 मध्ये त्याच सदरात पटेलांच्या जातीचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेझर घरी बांधायची कृती आली. प्रयोगशाळेतून घराच्या टेबलापर्यंत यायला सात वर्षं. म्हणजे ‘घरी बनवलेला लेझर’ ही हल्लीची टूम नाही, लेझरइतकीच जुनी हौस आहे.

आपल्याकडे तेव्हा लेझर घरी नाही, सरकारी प्रयोगशाळेत बनत होता. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात, म्हणजे आजच्या बीएआरसीत, साठच्या दशकाच्या मध्यात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेझर तयार झाला आणि त्यावरून तुर्भे ते टीआयएफआर असा प्रकाशाने संदेश पाठवून दाखवला गेला. त्या काळचे अर्धवाहक लेझर गार करावे लागत, नाहीतर ते स्पंदांमध्येच चालत. खोलीच्या तापमानाला सलग चालणारा डायोड 1970 मध्ये आला. आज खिशात मावणारा पॉइंटर त्या डायोडचाच वंशज आहे. मधल्या काळात पॉइंटर म्हणजे हीलियम-निऑनची नळी असलेला जाडजूड दांडा होता, किंमत शेकडो डॉलर. नव्वदच्या दशकात लाल डायोड स्वस्त झाला आणि तीच वस्तू जत्रेत किल्लीच्या कडीला लटकायला लागली.

आता मला ज्या टप्प्याने खरा धडा दिला तो. 2000 नंतर हौशी लोकांच्या लक्षात आलं की चांगला डायोड विकत घ्यायची गरज नाही, तो जुन्या वस्तूंत पडलेला आहे. डीव्हीडी रायटरमधून लाल डायोड निघाला. एचडी डीव्हीडीच्या ड्राइव्हमधून 405 नॅनोमीटरचा जांभळा निघाला. 2010 च्या सुमारास कॅसिओचे प्रोजेक्टर फोडले जाऊ लागले, कारण एकेकात सुमारे दोन डझन निळे डायोड होते, प्रत्येक एक वॅटच्या आसपास. एक वॅट म्हणजे पॉइंटरच्या 5 मिलिवॅटच्या दोनशेपट. लेझरचा सर्वांत धोकादायक वर्ग 500 मिलिवॅटच्या वर सुरू होतो, हे लक्षात घ्या.

मग हे लोक एकमेकांसाठी पॉइंटर बांधून विकू लागले. विकणारा लेथवर तांब्याचा हीटसिंक कापायचा, डायोड पितळेच्या मॉड्यूलमध्ये दाबून बसवायचा, ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर सोल्डर करायचा, पुढे काचेचं भिंग लावायचा. पण गिऱ्हाईक आधी बॉडी कशी दिसते ते विचारायचं नाही. विचारायचं ते असं: डायोड कशातून काढलाय, करंट किती दिलाय, किती सेकंद चालू ठेवून किती सेकंद विश्रांती द्यायची, आणि शक्ती कोणत्या मीटरवर मोजली. नुसता आकडा सांगून भागायचं नाही. शक्ती वेळेप्रमाणे कशी उतरते त्याचा आलेख लागायचा, कारण डायोड तापला की शक्ती घसरते आणि पहिल्या सेकंदाचा आकडा नेहमीच सुंदर असतो. (आपल्या थिसिसमधल्या ‘बेस्ट सॅम्पल’सारखाच.) घेणाऱ्याकडेही मीटर असला तर तो पुन्हा मोजायचा. ज्याचा आकडा दुसऱ्याच्या मीटरवर टिकायचा, त्याचा पुढचा पॉइंटर लगेच खपायचा. ना आयएसआय मार्क, ना पावतीवर शिक्का, तरी बाजार चालला तो या मोजमापावर.

महाराष्ट्रात याच्याशी जुळणारी हौस म्हणजे दुर्बिणीचा आरसा घासणं. आरसा घासणारा फुकोची चाचणी घेतो, ब्लेडच्या कडेने सावली पाहतो, आणि मगच आरसा दुसऱ्याच्या हातात देतो.

या हौशी लोकांना संत ठरवू नका. वॅटभर शक्तीचा लेझर हातात धरायला देणं हे मुळात धोक्याचंच काम आहे. संरक्षक चष्मा नसलेल्या माणसाला विकणारेही त्यांच्यात होतेच. 2010 मध्ये एका कंपनीने तोच निळा डायोड घालून 200 डॉलरच्या आत तयार पॉइंटर काढला. तो ‘स्टार वॉर्स’मधल्या तलवारीसारखा दिसतो म्हणून लुकासफिल्मने नोटीस पाठवली. गाजली ती तलवार, डोळ्यांचं फार कुणी बोललं नाही.

पण आमच्या थंडीतल्या पॉइंटरचं कोडं सुटलं ते दुसऱ्या टोकाला, स्वस्त मालाकडे पाहिल्यावर. 2010 मध्येच अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेतल्या संशोधकांनी 15 डॉलरचा एक हिरवा पॉइंटर तपासला. त्यावर 10 मिलिवॅट लिहिलं होतं. हिरवा प्रकाश अगदी फिका, पण न दिसणारा अवरक्त जवळजवळ 20 मिलिवॅट बाहेर येत होता. कारण असं, की स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतो. 808 नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चालवतो, त्यातून 1064 नॅनोमीटर निघतो, आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याचं 532 नॅनोमीटर, म्हणजे हिरवं करतो. उरलेला अवरक्त अडवायला पुढे एक छोटा फिल्टर हवा. खर्च वाचवायला तोच गाळलेला होता.

आता थंडी आणा. तापमान उतरलं की डायोडची तरंगलांबी अंशामागे सुमारे 0.3 नॅनोमीटर सरकते. स्फटिकाला 808 च्या आसपासचाच घास लागतो. घास हुकला की हिरवं कमी होतं, पण डायोड तर पूर्ण जोराने चालूच असतो. फिल्टर नसेल तर न शोषलेला अवरक्त सरळ बाहेर. हिरव्याने डोळा दिपला की पापणी पाव सेकंदात मिटते. अवरक्ताला पापणी मिटत नाही, कारण डोळ्याला काही दिसतच नाही, आणि भिंग मात्र तो किरण पडद्यावर नेमका गोळा करतं. म्हणजे त्या मुलाने तोंडाशी धरलेला पॉइंटर ‘सेल गेलेला’ नव्हता. तो मंद दिसत होता तेव्हाच सगळ्यात फसवा असू शकत होता.

2013 मध्ये याच एनआयएसटीने 122 पॉइंटर तपासले. सुमारे 90 टक्के हिरवे आणि 44 टक्के लाल तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. 5 मिलिवॅटचं लेबल बहुतेक वेळा नुसती छपाई असते. आपल्याकडे लेझरची चर्चा होते ती गणपतीत. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर बीमवर बंदी घातली. ते दिवे वेगळे, पॉइंटर वेगळे, पण दोन्हीकडे प्रश्न एकच: समोरच्याच्या डोळ्यात किती मिलिवॅट जातात ते चालवणाऱ्याला माहीत असतं का?

आता ज्यांच्या हाताशी लॅब आहे त्यांच्यासाठी. एनआयएसटीच्या त्या संशोधकांनी घरगुती चाचणीही सांगितली होती: जुनी सीडी जाळीसारखी वापरायची आणि अवरक्त दिसणाऱ्या वेबकॅमने फोटो घ्यायचा. आधी टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्या कॅमेऱ्यात दिसतो का ते पाहायचं, म्हणजे कॅमेरा चालेल की नाही कळतं. हिरव्या ठिपक्यांशिवाय आणखी ठिपके दिसले तर अवरक्त बाहेर येतोय. किरण भिंतीकडे, डोळे बाजूला, आरसा-चमचा जवळ नको.

आम्ही आमचा पॉइंटर विभागातल्या पॉवर मीटरवर धरला. आधी तसाच, मग अवरक्त अडवणारा फिल्टर मधे घालून, मग फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून पुन्हा. थंड असताना दोन आकड्यांतला फरक वाढला. तो पॉइंटर आता कार्यक्रमाला नेत नाही. नवीन घेतला त्यावर मी पांढरी चिकटपट्टी लावून तीन आकडे, तारीख आणि मीटरचं नाव लिहिलंय. डिसेंबरात मुलं ती पट्टी टॉर्चच्या उजेडात वाचतात आणि ‘सर, हा तिसरा आकडा कशाचा?’ म्हणून विचारतात.