नुसताच मोठा खड्डा

अमेरिकेत अँबर शेअर नावाच्या एक चित्रकार आहेत. तिथली राष्ट्रीय उद्यानं पाहून आलेले लोक इंटरनेटवर पाचपैकी एक तारा देऊन जे काही लिहितात, ते त्या गोळा करतात आणि त्या त्या ठिकाणाचं देखणं चित्र काढून त्यावर तो शेरा सुबक अक्षरांत रंगवतात. २०२१ साली त्याचं पुस्तकही निघालं. भाचीने त्यातली काही चित्रं मला पाठवली. ग्रँड कॅन्यनला मिळालेल्या शेऱ्याचा मथितार्थ असा, की हा एक खड्डा आहे. खूप मोठा आहे, पण खड्डाच!

हसू येतंच. 'काय एकेक लोक असतात' असंही मनात येतं. आणि मग आपण मान हलवून म्हणतो, की इंटरनेट आल्यापासून ज्याला त्याला मत देण्याची खोड लागली आहे. इथे मात्र इतिहास आपल्या बाजूने बोलत नाही. ग्रँड कॅन्यनला नावं ठेवण्याची परंपरा जवळजवळ पाचशे वर्षांची आहे. किंबहुना बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसांनी तिथे पहिली तीनशे वर्षं दुसरं फारसं काही केलंच नाही.

सुरुवात १५४० सालची. कोरोनादो हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोतून उत्तरेकडे सोन्याने मढलेली सात शहरं शोधायला निघाला होता. शहरं सापडली ती दगडमातीच्या घरांची. पश्चिमेला एक मोठी नदी आहे असं होपी लोकांकडून कळलं, तेव्हा त्याने गार्सिया लोपेस दे कार्देनास या अधिकाऱ्याला थोडी माणसं देऊन तिकडे धाडलं. वाटाडे होपी. वीस दिवसांच्या चालीनंतर ही मंडळी कड्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली.

खाली नदी दिसत होती. वरून ती त्यांना सहा-एक फूट रुंद वाटली. वाटाडे सांगत होते की ती तशी नाही, चांगली अफाट आहे. तीन दिवस हे लोक कड्यावरून उतरायला वाट शोधत राहिले. शेवटी तिघं चपळ गडी खाली उतरू लागले आणि दुपारी चारच्या सुमाराला परत आले. फार तर एक तृतीयांश उतरण झाली होती. वरून जे खडक माणसाएवढे वाटत होते, ते सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. (सेव्हिलचा मनोरा शंभर मीटरच्या आसपास आहे.) नदी खाली वाहत असताना पाण्याच्या टंचाईमुळेच त्यांना परत फिरावं लागलं! होपी लोकांची खाली मीठ आणायला जाण्याची वाट होती. ती त्यांनी पाहुण्यांना मुद्दामच दाखवली नसावी, असा बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज आहे.

कास्तान्येदा नावाच्या सैनिकाने वीस-एक वर्षांनी या मोहिमेची हकिगत लिहिली. मनोऱ्याची गोष्ट तिथलीच. त्या हकिगतीत ग्रँड कॅन्यनला जागा किती? जेमतेम एखादं पान. सोनं नाही, पाणी मिळत नाही, ओलांडता येत नाही. विषय संपला. त्यानंतर २३६ वर्षं युरोपातला कुणी माणूस तिथे फिरकल्याची नोंद नाही. १७७६ साली गार्सेस नावाचा पाद्री दरीच्या एका फाट्यात राहणाऱ्या हवासुपाई लोकांकडे पोहोचला. त्यांनी त्याला पाच दिवस जेवूखाऊ घातलं. पुढे १८२६ च्या सुमारास पॅटी नावाचा एक शिकारी कडेकडेने गेला. त्याची तक्रार एवढीच, की या भयंकर डोंगरांमुळे माणसाला नदीचा काही उपयोगच करता येत नाही.

पण या सगळ्यांवर मात केली लेफ्टनंट जोसेफ आइव्हज याने.

आइव्हजला अमेरिकन लष्कराने १८५७ साली पाठवलं होतं. युटातल्या मॉर्मन लोकांशी सरकारचं बिनसलं होतं, लढाई होण्याची चिन्हं होती, आणि कोलोरॅडो नदीतून आगबोटीने रसद किती वरपर्यंत नेता येईल हे पाहायचं होतं. त्याच्यासाठी 'एक्सप्लोरर' नावाची ५४ फुटी लोखंडी आगबोट फिलाडेल्फियात बांधली, तिचे भाग सुटे करून जहाजाने आणि पनामाच्या वाटेने नेले आणि नदीच्या मुखाशी परत जोडले. मार्च १८५८ मध्ये ती ब्लॅक कॅन्यनच्या तोंडाशी पाण्याखालच्या खडकावर जोरात आदळली. मोठ्या बोटीचा प्रवास तिथे संपला. मग आइव्हज खेचरं घेऊन जमिनीवरून निघाला आणि एप्रिलमध्ये वालापाई वाटाड्यांच्या मदतीने डायमंड क्रीकच्या ओढ्याकाठाने थेट दरीच्या तळाशी, नदीपाशी उतरला. ग्रँड कॅन्यनच्या तळाला पोहोचलेली ही गोऱ्यांची पहिली ज्ञात तुकडी.

१८६१ साली त्याचा अहवाल छापून आला. त्यातली काही वाक्यं आजही अमेरिकेत लोक एकमेकांना हसत हसत ऐकवतात. हा प्रदेश सर्वस्वी निरुपयोगी आहे, आत शिरल्यावर बाहेर पडण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही, या बिनफायद्याच्या जागी येणारी गोऱ्यांची आमची पहिली तुकडी आणि बहुधा शेवटचीही, असा त्याचा सूर आहे. २०२३ साली या बिनफायद्याच्या जागी सत्तेचाळीस लाखांवर लोक येऊन गेले.

मला मात्र आइव्हजची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. हसणारे लोक त्याचं पुढचं वाक्य सहसा वाचत नाहीत. त्यात तो म्हणतो, की या नदीचा बराचसा एकाकी आणि भव्य प्रवास कायम निर्वेध राहावा, अशीच निसर्गाची योजना दिसते. म्हणजे भव्यता त्याला दिसली होती. पण तो सरकारी कामावर होता, आणि सरकारने विचारलं होतं ते बोट जाते का, रस्ता होतो का, चारा-पाणी आहे का. तिन्हींचं उत्तर नाही. ज्या प्रश्नाला नेमलं, त्याचं उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिलं. दोष द्यायचा तर तो वेगळ्या गोष्टीचा. ज्यांच्या पाठोपाठ तो खाली उतरला ते वालापाई आणि दरीतच शेती करून राहणारे हवासुपाई, यांच्याबद्दल त्याने तुच्छतेने लिहिलं. जिथे माणसं पिढ्यानपिढ्या मका पिकवत होती, ती जागा याच्या लेखी रिकामी आणि बिनकामाची होती.

गंमत अशी, की त्याच खेचरांच्या तांड्यात दुसराही एक माणूस होता. डॉ. जॉन न्यूबेरी, पेशाने वैद्य आणि आवडीने भूगर्भशास्त्रज्ञ. त्याच वाटेने, तीच तहान सोसत तो उतरला. त्याला तिथे एकावर एक रचलेले खडकांचे थर उघडे पडलेले दिसले, आणि ही सगळी कोरणी वाहत्या पाण्याची आहे हे त्याने ओळखलं. भूकंपाने जमीन फाटून दरी झाली, असं मानायची तेव्हा अनेकांची तयारी होती. दोघांचंही लिखाण एकाच अहवालात, एकाच जिल्दीत बांधलेलं आहे.

पुढे १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माणूस (दुसरा यादवी युद्धात गेला) नऊ जणांना घेऊन चार होड्यांतून निघाला आणि नदीतूनच आरपार गेला. ती कथा रोमांचक आहे, पण बहुतेकांना ठाऊक असते. मला सांगायचं आहे ते त्याच्या हाताखाली काम केलेल्या क्लॅरेन्स डटनबद्दल. डटन लष्करात कॅप्टन. १८८२ साली त्याचा ग्रँड कॅन्यनच्या भूगर्भावरचा ग्रंथ निघाला. सोबत विल्यम होम्सने काढलेली दरीची लांबलचक चित्रं, इतकी बारीक की थर मोजून घ्यावेत.

या शास्त्रीय ग्रंथात डटनने निराश होणाऱ्या प्रवाशाचा विचार केलेला आहे! त्याचं म्हणणं साधारण असं. ज्याची नजर आल्प्सवर, स्कॉटलंडवर तयार झाली आहे, तो इथे आला की त्याला आधी धक्काच बसेल. हिरवळ नाही, बर्फाची शिखरं नाहीत, रंग भडक, आकार विचित्र. जे सुंदर म्हणून शिकवलं ते इथे नाही आणि जे आहे ते सुंदर म्हणून कुणी शिकवलेलं नाही. पण तो काही दिवस राहिला तर नजर हळूहळू बदलेल. कलेत नवं काही आलं की ते आधी समजून घ्यावं लागतं, निसर्गातही तसंच, असं तो मांडतो. चाळीस वर्षं पोरांना शिकवल्यावर हे मला अगदी पटतं. नवीन राग पहिल्यांदा ऐकताना कानाला तरी काय कळतं?

आणि हे नवे आकार सांगायला डटनला युरोपातले शब्द पुरेनात. दरीतून वर आलेली सुटी शिखरं त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखी वाटली. म्हणून त्याने एकाला नाव दिलं विष्णू टेंपल, दुसऱ्याला शिवा टेंपल. मग ती रीतच पडली. ब्रह्मा टेंपल आलं, बुद्ध, मनू, झोरोआस्टर सगळे आले. (आपल्याकडे महाबळेश्वरला आर्थर सीट, लॉडविक आणि एल्फिन्स्टन पॉइंट, आणि तिकडे ॲरिझोनात विष्णू, शिव. देवाणघेवाण बरी झाली म्हणायची.) दरीच्या तळाच्या काळ्या खडकाचं नावही 'विष्णू शिस्ट'. वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षं. कड्यावरचा, सगळ्यात तरुण थर सत्तावीस कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या घरातला, म्हणजे त्यांच्या तरुणापुढेही आपला म्हातारा पोरच.

१९०१ साली कड्यापर्यंत रेल्वे आली. १९०५ साली एल तोवार हॉटेल उघडलं. हे नाव कार्देनासच्याच एका सहकाऱ्याचं, ज्याने ही दरी कधी पाहिलीच नाही! असो. आता बिनफायद्याच्या जागेत फायदा दिसू लागला. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाने खाणींचे हक्क दाखवून मोक्याच्या जागा अडवल्या आणि ब्राइट एंजल वाटेने खेचरावरून उतरणाऱ्यांकडून डॉलर-डॉलर घ्यायला सुरुवात केली. थिओडोर रूझवेल्ट १९०३ साली कड्यावर उभे राहून सांगून गेले होते की हे आहे तसं राहू द्या, तुम्ही यात सुधारणा करू शकत नाही. १९०८ साली त्यांनी दरीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरॉनच्या विरुद्ध निकाल दिला. पठ्ठ्या त्याच वर्षी निवडणूक जिंकून सिनेटर झाला.

निकामी म्हणून सोडून दिलेली जागा निदान सुरक्षित तरी राहते, असं वाटेल. पण तसं झालं नाही. ज्या ब्लॅक कॅन्यनच्या तोंडाशी आइव्हजची बोट अडली, तिथेच पुढे हूव्हर धरण उभं राहिलं. १९३५ साली त्याचं उद्घाटन झालं. १९६३ साली ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. आणि मग ग्रँड कॅन्यनमध्येच दोन धरणं बांधायचा बेत आला, ब्रिज कॅन्यन आणि मार्बल कॅन्यन. वीज मिळेल, वीज विकून पाण्याच्या योजनांना पैसा मिळेल. शिवाय सरकारी खात्याचा एक मुद्दा असा होता, की तलाव झाला म्हणजे लोकांना बोटीत बसून दरी जवळून, आरामात पाहता येईल.

यावर १९६६ साली सिएरा क्लब या संस्थेने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. एकीत विचारलं होतं, की रोमच्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरची चित्रं प्रवाशांना जवळून दिसावीत म्हणून तिथेही पाणी भरायचं का? पहिली जाहिरात आली आणि दुसऱ्याच दिवशी आयकर खात्याची संस्थेच्या करसवलतीबद्दल नोटीस आली. (आयकर खातं सगळीकडे सारखंच.) लोकांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि १९६८ च्या कायद्याने ती दोन्ही धरणं बारगळली.

म्हणून मला त्या एक तारावाल्यांचा राग येत नाही, पण त्यांचं अगदीच हसण्यावारीही नेता येत नाही. पार्किंग मिळालं नाही, शौचालय घाण होतं, चार मैलांत पाणी नव्हतं, या तक्रारी रास्त आहेत. कार्देनासचीही तीच तक्रार होती. ज्याने लहानपणापासून कॅलेंडरवर दरीचे फोटो पाहिले, तो प्रत्यक्ष पाहून हिरमुसला, तर तेही समजू शकतं. डटनच्या भाषेत, त्याला राहायला वेळ मिळाला नाही. पण 'इथे काही करण्यासारखं नाही' हा शेरा आला की माझे कान टवकारतात. कारण तो आइव्हजचा शेरा आहे, आणि अशा शेऱ्यावर कुणीतरी लगेच करण्यासारखं काही सुचवतं. तलाव तरी सुचवतं, नाहीतर पाळणा.

हवासुपाई लोकांचं काय झालं ते राहिलंच. १८८२ साली सरकारने त्यांना ५१८ एकरांत कोंबलं आणि कड्यावरची शिकारीची रानं काढून घेतली. ब्राइट एंजल वाटेवर, अर्ध्या उतारावर एका झऱ्याकाठी त्यांची शेतं होती. उद्यान झाल्यावर तिथूनही त्यांना हुसकलं, शेवटच्या माणसाला १९२८ साली. जागेला नाव राहिलं 'इंडियन गार्डन', माणसं मात्र गेली. १९७५ च्या कायद्याने त्यांना सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार एकर जमीन परत मिळाली. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्या झऱ्याकाठच्या जागेचं सरकारी नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' झालं. कड्यावरून उतरणारे लोक तिथे बाटल्या भरून घेतात.