चिनी वैद्यांची जिव्हापरीक्षा व तिचीं चित्रपुस्तकें

आपल्याकडील योगरत्नाकरांत रोगपरीक्षेचीं जीं आठ स्थानें सांगितलीं आहेत, त्यांत जिव्हा हें एक आहे. चिनी वैद्यकांत या एकाच स्थानावर स्वतंत्र सचित्र ग्रंथ झाले. ही विद्या विद्यार्थी पुस्तकावरून कशी शिके, आणि पुस्तक कोठें अपुरें पडे, येवढ्याच मुद्द्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जिव्हेवरील थराचा उल्लेख झांग जुंगजिंग याच्या, इ. स. २०० च्या सुमारास रचलेल्या, शीताघातज ज्वरांवरील ग्रंथांत आहे. परंतु तेथें तो इतर लक्षणांच्या ओघांत येतो. केवळ जिव्हेस वाहिलेला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ युआन राजवटींतला होय. आओ आडनांवाच्या वैद्याचीं बारा जिव्हाचित्रें होतीं. दू छिंगबी यानें इ. स. १३४१ त त्यांत चोवीसांची भर घालून छत्तीस केलीं. प्रत्येक चित्रास लक्षण व उपचार जोडलेला आहे. ग्रंथाचें नांव 'जिनजिंग लू', म्हणजे सुवर्णदर्पणाची नोंद.

पुढें मिंग राजवटींतील वैद्य श्वे जी सांगतो कीं, जिव्हेचा रंग पाहून गुणकारी औषध देणारा एक मनुष्य त्याच्या पाहण्यांत आला. विचारलें तरी त्यानें मर्म म्हणून सांगितलें नाहीं. कांहीं काळानें नानजिंग येथील राजविद्यालयांत श्वे जीच्या हातीं 'जिनजिंग लू' पडला, तेव्हां त्या मनुष्याची सारी विद्या याच ग्रंथांतली, हें उघड झालें. इ. स. १५२९ त ग्रंथ छापून निघाला, आणि एकाचें गुपित अनेकांचें पाठ्यपुस्तक झालें. इ. स. १६६८ त झांग देंग यानें १२० आकृतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत रंगवार वर्ग आहेत: पांढऱ्या २९, तांबड्या २६, पिवळ्या १७, काळ्या १४, इत्यादि, शेवटीं गर्भिणींच्या ६.

विद्यार्थ्यानें जिव्हेचें मांस व तिच्यावरील थर हीं निरनिराळीं पाहावयाचीं असतात. टोंकाकडे हृदय, मध्यभागीं प्लीहा व आमाशय, कडांस यकृत व पित्ताशय, मुळाशीं मूत्रपिंड, अशी वांटणी रूढ आहे. पातळ पांढरा थर निरोग्याचा, पिवळा उष्णतेचा. येथवर चित्र उत्तम गुरु आहे.

अडचण काळ्या जिव्हेशीं येते. अठराव्या शतकांतील सूझौचा वैद्य ये त्यानशी याच्या, शिष्यानें टिपून ठेविलेल्या उपदेशांत हा भेद स्पष्ट आहे: काळी व ओलसर जिव्हा शीताची, तेथें उष्णोपचार करावा, काळी व कोरडी जिव्हा दाहाची, तेथें अग्नि शमवून रस वाढवावा. रंग एक, रोग परस्परविरुद्ध. एकाचें औषध दुसऱ्यास दिल्यास रोग्याच्या जिवावर बेतावयाचें. परंतु लाकडी ठशाच्या छापांत दोन्ही जिव्हा सारख्याच काळ्या! ओलावा चित्रांत उतरत नाहीं. तो शेजारच्या दोन शब्दांत असतो. इतर रंगांचीही तीच गति. एकरंगी छापांत रंगाचें नांवच आकृतींत लिहावें लागे. शिवाय खाद्यपदार्थानें थर रंगतो, आणि दिव्याच्या उजेडांत पिवळा थर नीट ओळखूं येत नाहीं. या गोष्टी कोणत्याच आकृतींत दाखवितां येत नाहींत. त्या गुरूजवळ, दिवसाच्या प्रकाशांत, रोग्यापुढें बसूनच शिकाव्या लागतात.

यावरून आमचें मत असें कीं, या ग्रंथांत चित्र हें मुख्य व लेख हा गौण, असें समजणें चुकीचें आहे. चित्र आठवण देतें. निर्णय लेख करितो. संग्राहकांस अशा जातीच्या सचित्र पोथीची प्रत करण्याचा प्रसंग आल्यास त्यांनीं आकृतीच्या पोटांतील व कडेचीं बारीक अक्षरें आधीं उतरून घ्यावीं. तीं गळालीं तर हातीं सुंदर चित्रें उरतील, वैद्यक उरणार नाहीं.