वर तरंगणारे आणि तळाशी बसणारे

निवृत्त मास्तराला गावात दोनच कामं उरतात. एक, लग्नात आहेर लिहून घेणं आणि दुसरं, इतरांच्या मुलांना समजावून सांगणं. पहिल्या कामात निदान जेवण तरी मिळतं. जुन्नरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून मी घरी बसलो आणि त्याच हिवाळ्यात घोडेगावहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, आत्ताच्या आत्ता निघ. पोरगं हातचं गेलं!"

भाचा मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झालेला. तो एखाद्या डेअरीत किंवा औषधांच्या कारखान्यात चिकटेल अशी आम्हा सर्वांची समजूत. त्यानं पुण्यात बिअर तयार करण्याची नोकरी धरली होती. त्यात रविवारी मंचरचे पाहुणे सोयरिकीचं बोलायला येणार. बहिणीचा प्रश्न साधा होता. "मुलगा काय करतो म्हणून विचारलं तर काय सांगू? पिठ्यावर असतो?"

एस.टी.त बसल्या बसल्या मी भाषण तयार केलं. आमच्या मुलखाला परदेशी मंडळी नवीन नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटानं व्यापार चाले आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप दिला. पाण्याची सोय झाली, जेवणाची झाली. तिसऱ्या कुठल्या सोयीबद्दल दगड एक अक्षर बोलत नाही. हा मुद्दा मी शेवटी टाळ्यांसाठी राखून ठेवला होता.

भाच्यानं भाषण पहिल्याच वाक्याला अडवलं. "मामा, आधी एवढं सांगा. मी एल करायची नाही की लागर करायची नाही?"

मास्तराला गप्प करायचं असेल तर त्याला प्रश्न विचारावा. मी म्हणालो, "म्हणजे?"

"आई नाचणीला मोड आणते, वाळवते आणि दळून सत्त्व करते ना? तसेच सातूला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं. हॉप घालून ते उकळायचं, निववायचं आणि विरजण लावायचं. विरजण म्हणजे यीस्ट. एक यीस्ट उबेत, अठरा ते बावीस अंशांना, झपाट्यानं काम करतं आणि फेसाबरोबर वर तरंगतं. ती एल. दुसरं आठ ते तेरा अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. ती लागर."

हे मला चटकन समजलं. एकतीस वर्षं मी स्टाफरूममध्ये या दोन्ही जाती पाहिल्या होत्या. मुख्याध्यापक होतात ते वर तरंगणारे.

"म्हणजे सोपं आहे की!" मी म्हणालो.

"सोपं होतं," भाचा म्हणाला.

इतिहासाच्या मास्तरासमोर 'होतं' हा शब्द उच्चारू नये. समजवायला गेलेला मी त्याच्याच खोलीत चार दिवस त्याची पुस्तकं वाचत बसलो.

पहिला धक्का हॉपनंच दिला. हॉप ही एक वेल. कूळ गांजाचं, पण वळण निराळं. एकाच घरात एक भाऊ कीर्तनकार आणि दुसरा तमाशाचा फडमालक, हे नारायणगावच्या आसपास राहणाऱ्याला नवलाचं वाटू नये. या वेलीच्या बोंडांनी बिअरला कडवटपणा येतो, वास येतो आणि ती टिकते. गंमत अशी, की इंग्लंडात पूर्वी सातूचं जे पेय करीत त्यात हॉप नसत, आणि त्याचंच नाव एल. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या डच मुलखातून हॉप घातलेलं पेय जोरात येऊ लागलं, ते बिअर. म्हणजे मूळ सीमा यीस्टची नव्हतीच. हॉप पडले की एल बाटली, असा हिशेब. (इथं 'बाटली' हे क्रियापद समजावं.) ॲन्ड्र्यू बोर्ड नावाच्या इंग्रज वैद्यानं १५४२ साली लिहून ठेवलं, की एल हे इंग्रजाचं स्वाभाविक पेय, बिअर डच माणसाची, तिनं पोट सुटतं.

दुसरी सीमा जर्मनीत पडली. बव्हेरियाच्या सरकारानं १५५३ साली हुकूम काढला, की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची, कारण उन्हाळ्यात ती नासे. मग थंडीत करून गार तळघरांत साठवायची. 'लागर' म्हणजे साठवण. त्या गारव्यात जे यीस्ट तगलं ते तळाशी बसणारं. १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानं बोहेमियातल्या पिल्सेन गावी सोनेरी, नितळ लागर केली आणि तिनं पुढं जग जिंकलं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं लागरचं यीस्ट एका पेशीपासून शुद्ध वाढवून दाखवलं. आता सीमा पक्की झाली, असं सर्वांना वाटलं.

पण तिकडे इंग्रज आपल्या देशात येऊन बसला होता आणि त्याला तहान लागली होती. लंडनच्या बो भागातला हॉजसन हा कारखानदार ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. त्यात भरपूर हॉपची फिकट एल असे. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून महिनोन् महिने हेलकावत येई आणि हॉपमुळे एल टिके. ती हॉजसननं हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही दंतकथा. तसली एल विलायतेत आधीपासून होती. त्याची खरी अक्कल उधारीत. पुढं १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉपनं त्याच्यावर कडी केली. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला होता असं सांगतात. १८३० च्या दशकातल्या जाहिरातींत तिला नाव मिळालं ते हिंदुस्थानचं: इंडिया पेल एल. ज्या एलची ओळखच हॉप नसणं ही होती, ती हॉपसाठी प्रसिद्ध झाली!

नावात इंडिया, पण ती प्यायचा गोरा साहेब. मला आमचा आंबेगाव तालुका आठवला. आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचं. नाव हे टिकाऊ असतं. त्याखालचं गाव असेलच असं नाही.

पुढं लागरनं या एलला जवळजवळ बुडवलंच. तिला वर काढली ती अमेरिकनांनी. १९७२ साली कॅस्केड नावाचा, लिंबूवर्गी वासाचा हॉप तिकडे शेतकऱ्यांना मिळाला आणि १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याची लिबर्टी एल निघाली. तिथून जे सुटलं ते थांबेना. हॉप आधी उकळला की कडू, शेवटी गार पेयात टाकला की नुसता वास. कढीपत्ता फोडणीत घालायचा की कोथिंबीर वरून भुरभुरायची, एवढाच फरक. मग आली गढूळ आयपीए. काळी आयपीएही आली. नावातला 'पेल' म्हणजे फिकट, तरी काळी! २०१७ साली साखरेचा अंशही न ठेवणारी ब्रूट आयपीए. २०१८ साली पोर्टलंडमध्ये कोल्ड आयपीए, लागरचं यीस्ट जरा उबेत लावलेली. आणि इंडिया पेल लागर तर आहेच.

"मग ही कोण, एल की लागर?" मी विचारलं.

"मामा, कोलोन शहरात एलचं यीस्ट लावून थंडीत मुरवतात आणि कॅलिफोर्नियात बर्फ परवडत नव्हता तेव्हापासून लागरचं यीस्ट उबेत लावतात. आता तुम्हीच ठरवा."

शेवटचा घाव त्यानंतर. २०११ साली शास्त्रज्ञांना दक्षिण अमेरिकेतल्या पाटागोनियाच्या जंगलात, झाडांच्या गाठींवर, थंडी सोसणारं एक रानटी यीस्ट सापडलं. तेव्हा उलगडा झाला, की लागरचं यीस्ट हे त्याच्या जातीचा आणि एलच्या यीस्टचा संकर आहे. म्हणजे लागर ही एलच्याच पोटची. इतकी वर्षं ज्यांच्यात भिंत बांधली त्या मायलेकी निघाल्या!

बहिणीला यातलं काही सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, की पुण्यात २००९ साली जागच्या जागी बिअर करून विकणारं 'डूलाली' निघालं, त्याचं नाव आपल्या नाशिककडच्या देवळालीवरून. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोरे सोल्जर वेडे होत, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडा. "म्हणजे नावातच वेड आहे," ती म्हणाली आणि रडली.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला. मुलीच्या आजोबांनी विचारलं, "चिरंजीव काय करतात?" बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. भाचाच म्हणाला, "बिअर करतो, आजोबा."

खोलीत शांतता पसरली. आजोबांनी पान लावलं. म्हणाले, "ऐंशीच्या दशकात नारायणगावला कारखाना निघाला तेव्हा आमची द्राक्षं तिथं जायची. फेसाची वाइन व्हायची, 'ओमर खय्याम' नावानं परदेशी विकायची. तिला शॅम्पेन म्हणायचं नाही म्हणे, ते नाव फ्रान्सचं. आम्ही म्हटलं, नाव तुमचं ठेवा, वजनाचे पैसे आमचे द्या. पगार वेळेवर होतो ना?"

"होतो," भाचा म्हणाला.

"मग झालं."

पाहुणे गेल्यावर बहीण बराच वेळ कुणाशी बोलली नाही. रात्री तिनं इडलीचं पीठ वाटलं, पातेलं घोंगडीत गुंडाळलं आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "थंडीत आमचं पीठ फुगत नाही मेलं. तुझं ते गारठ्यात काम करणारं विरजण आण बरं वाटीभर."