बालीचा गप्प पाडवा

22 मार्च 2023 च्या सकाळी महाराष्ट्रात दारोदार गुढ्या उभ्या राहत होत्या. गिरगावात, ठाण्यात, डोंबिवलीत ढोलताशे घुमत होते. त्याच दिवशी इंडोनेशियातल्या बाली बेटावर रस्ते ओस पडले होते. विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद होता. बाहेरून दिसेल असा दिवा कुणी लावला नाही, आणि मोबाइलचं इंटरनेटसुद्धा थांबवलेलं होतं. तिथेही तो नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. वर्षाचा आकडाही तोच, जो आपल्या पंचांगावर छापलेला होता: शके 1945.

बालीतल्या या दिवसाचं नाव न्येपी. ‘सेपी’ म्हणजे शांत, सामसूम. त्यावरून ‘न्येपी’, सामसूम पाळणं. शब्द अस्सल तिथला आहे. आकडा मात्र आपल्याकडून गेलेला. या सणाची कुळकथा सांगायची तर हे दोन धागे वेगळे धरावे लागतात, कारण बालीत काही ओळखीचं दिसलं की ‘हे सगळं आपलंच’ म्हणायची आपल्याला घाई असते.

आधी आकडा. इसवी सन 78 पासून मोजलं जाणारं शक वर्ष व्यापारी, पुरोहित आणि भिक्षूंच्या सोबतीने समुद्रापार गेलं. सुमात्रा बेटावर पालेंबांगजवळ सापडलेल्या केदुकान बुकित शिलालेखावर शके 605 कोरलेलं आहे. बालीत सानुर गावी ब्लांजोंगच्या देवळात एक दगडी खांब आहे, श्री केसरी वर्मदेव या राजाचा. त्याच्यावर दोन भाषा आणि दोन लिप्या आहेत, आणि त्यांची अदलाबदल केलेली आहे: जुनी बालीनीज भाषा नागरी वळणाच्या लिपीत, तर संस्कृत तिथल्या स्थानिक लिपीत. वर्ष अंकात न लिहिता शब्दांत गुंफलंय. शर म्हणजे पाच, कारण मदनाचे बाण पाच. वह्नी म्हणजे तीन, कारण यज्ञाचे अग्नी तीन. मूर्ती म्हणजे आठ, कारण शिवाच्या मूर्ती आठ. उजवीकडून डावीकडे वाचलं की होतं 835. महिना फाल्गुन. आपला अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके 934 चा. म्हणजे मराठीतला हा इतका जुना लेख कोरला जायच्या नव्व्याण्णव वर्षं आधी बालीच्या किनाऱ्यावर कुणीतरी हेच शके मोजत होतं, आणि मोजण्याची रीतही आपल्या ताम्रपटांत दिसते तीच होती.

हा शक सुरू कुणी केला, याच्या गोष्टी मात्र दोन. आपण पैठणच्या शालिवाहनाचं आणि त्याच्या मातीच्या सैन्याचं नाव घेतो. बालीत कनिष्क राजाचं सांगतात. आपल्या शकाला शालिवाहनाचं नाव चिकटलं तेही पुढे शेकडो वर्षांनी.

शेजारच्या जावात 1633 साली मातारामच्या सुलतान आगुंग यांनी पंचांग बदललं. शक 1555 हा आकडा त्यांनी पुढे चालू ठेवला, पण महिने मात्र इस्लामी चांद्र पद्धतीचे केले. जुनी चांद्र-सौर मांडणी टिकली ती मुख्यतः बालीत, आणि पूर्व जावाच्या तेंगर डोंगरातल्या हिंदूंकडे. ती मांडणी जवळून पाहिली की मराठी माणसाला पुन्हा ओळख पटते. पौर्णिमा ही ‘पुर्नमा’. महिना तो ‘सासिह’, म्हणजे आपला शशी. चांद्र तिथी आणि सौर दिवस यांचा मेळ बसावा म्हणून दर 63 दिवसांनी एका दिवसात दोन तिथ्या धरतात. त्या दिवसाला म्हणतात ‘ङुनरात्री’, म्हणजे आपल्या ज्योतिषातली ऊनरात्र, क्षयतिथी. अधिक महिनाही आहे. पण तो आपल्यासारखा कुठेही पडत नाही, आणि त्याचं वर्षही दरवेळी जुळत नाही. म्हणून 2023 साली पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले, तर 2024 साली न्येपी 11 मार्चला आणि पाडवा 9 एप्रिलला.

एक गाठ मला सगळ्यांत बोलकी वाटते. बालीच्या महिन्यांची मोजणी जून-जुलैच्या सुमारास, पहिल्या ‘कासा’ महिन्यापासून सुरू होते. शकाचा आकडा मात्र बदलतो दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. वर्षाच्या मधेच नवं वर्ष! महिन्यांची गणती एका ठिकाणाहून सुरू होते आणि वर्षाचा आकडा दुसऱ्या ठिकाणी बदलतो. बालीने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, एकीसाठी दुसरी मोडली नाही.

आता शांततेचा धागा. न्येपीच्या आधीच्या दिवसांत गावोगावच्या देवता वाजतगाजत समुद्रावर नेतात, तो मेलास्ती. अमावास्येला चौकाचौकांत भूतकालांना, म्हणजे अमंगळ शक्तींना, बळी आणि अन्न देतात. संध्याकाळी मशाली घेऊन, भांडी बडवून त्यांना हुसकावतात. बांबूच्या सांगाड्यावरचे अक्राळविक्राळ पुतळे, ओगोह-ओगोह, तरुण खांद्यावर नाचवतात. ते फार पुरातन आहेत असं वाटतं, पण त्यांच्या मिरवणुका 1980 च्या दशकापासून रुळल्या. आपल्या डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेहून त्या फार जुन्या नाहीत. त्याने त्यांचं मोल कमी होत नाही. गावातल्या पोरांनी आठवडेच्या आठवडे खपून केलेलं काम आहे ते.

आणि मग पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशीच्या सहापर्यंत सगळं थांबतं. नियम चार, ‘चतुर ब्रत’: अमाती गेनी, विस्तव-दिवा नाही; अमाती कार्य, काम नाही; अमाती लेलुङान, फिरणं नाही; अमाती लेलाङुआन, करमणूक नाही. ‘ब्रत’ हे आपलं व्रत, ‘गेनी’ हा अग्नी, ‘कार्य’ कार्यच. ‘लेलुङान’ मात्र ‘लुङा’ म्हणजे जाणं या तिथल्याच धातूवरून. एका व्रतात दोन भाषा अशा मिसळल्यात की तिथल्या माणसाला त्यात कुठे सांधा जाणवत नसणार. रस्त्यावर फिरतात फक्त पेचालांग, म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं ‘पोलेंग’ वस्त्र नेसलेले गावचे राखणदार. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला अर्थातच सूट असते. भुतं वरून पाहतात, बेट निर्जन दिसतं, म्हणून निघून जातात, अशीही लोकांत एक समजूत आहे.

आपल्या देशात असा दिवस माझ्या तरी पाहण्यात नाही. गप्प राहण्याची ही रीत बालीचीच, आणि ती तिच्याच नावावर राहावी असं मला मनापासून वाटतं. 1983 साली इंडोनेशिया सरकारने न्येपीला राष्ट्रीय सुट्टी दिली. 2018 पासून बेटावर मोबाइल इंटरनेटही या दिवशी बंद ठेवू लागले.

मार्च-एप्रिलमध्ये बालीला जायचं ठरवत असाल तर तिकीट काढण्याआधी न्येपीची तारीख पाहा. त्या दिवशी तिथे असलात, तर हॉटेलच्या आवाराबाहेर पडू नका, खिडकीतून उजेड जाऊ देऊ नका, आणि रात्री दिवे मालवल्यावर आकाश नक्की बघा.