प्रस्तावना: स्नायूला फक्त ओढता येते

शरीररचनेच्या वर्गात पहिल्यांदा येणाऱ्याला स्नायू भेटतात ते यादीच्या रूपात. सहाशेहून अधिक नावे आणि प्रत्येकापुढे चार रकाने: उगम, निवेशन, चेता, कार्य. पाठांतराला माझा विरोध नाही. शल्यविशारदाला ही यादी तोंडपाठ हवीच. पण यादीला हात घालण्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर पाठांतराचे ओझे बरेच हलके होते. स्नायूला फक्त ओढता येते. ढकलणे त्याला जमत नाही, आणि एकदा आखडल्यावर स्वतःहून पुन्हा लांब होणेही जमत नाही. त्यासाठी समोरचा स्नायू किंवा गुरुत्वाकर्षण लागते.

दार ढकलून पाहा. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराचे हाड ओढतो, कोपर सरळ होते आणि तळहात पुढे जातो. जीभ बाहेर काढणे तर उघडउघड ढकलण्याचे काम वाटते. तिथेही हनुवटीच्या आतल्या बाजूला रोवलेला स्नायू जिभेचे बूड पुढे ओढत असतो. म्हणून कोणतीही हालचाल दिसली की विचारायचे: इथे कोण ओढते आहे, कुठून आणि कशाला? पुढची प्रकरणे याच प्रश्नाचे बोट धरून वाचावीत.

सगळ्यांना एकच काम येत असेल, तर इतके प्रकार कशाला? फरक मांडणीत आहे. कंबरेच्या हाडापासून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोचणारा सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. त्याचे तंतू लांब आणि जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे तो पुष्कळ आखडतो, जोर मात्र बेताचा. पोटरीत खोलवर दडलेल्या सोलियसचे तंतू आखूड, तिरके आणि दाटीवाटीने बसवलेले. तो थोडाच आखडतो, पण आपण उभे असलो की तोंडावर पडत नाही याचे बरेचसे श्रेय त्याला जाते. लांबीतून पल्ला मिळतो, आडव्या छेदातून जोर.

हीच मांडणी आणखी खोल नेली की सूक्ष्मदर्शकाखालचे पट्टे दिसतात, एक फिकट, एक गडद, पुन्हा एक फिकट. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनीही ते पाहिले होते. अर्थ लागायला १९५४ साल उजाडावे लागले. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोघे हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते. परीक्षेत हा घोळ दरवर्षी होतो.) दोघांचे निरीक्षण जवळपास एकच होते: स्नायू आखडतो तेव्हा फिकट पट्टे अरुंद होतात, गडद पट्ट्यांची रुंदी मात्र बदलत नाही. याचा अर्थ आतले तंतू स्वतः आखूड होतच नाहीत. जाड मायोसिन आणि बारीक ॲक्टिन एकमेकांवरून सरकतात. मायोसिनची असंख्य टोके ॲक्टिनला पकडतात, काही नॅनोमीटर ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. रस्सीखेचीत हात बदलताना सगळा संघ एकदम दोर सोडत नाही, तसेच इथेही सगळी टोके एकदम सुटत नाहीत. टोक सुटायला एटीपी लागते. मृत्यूनंतर एटीपी संपते, धरलेली टोके तशीच धरून राहतात आणि प्रेत ताठरते. ओढण्याला ऊर्जा लागते हे कोणालाही पटते. सोडण्यालाही लागते, हे इथे शिकायचे. ओढ सुरू करण्याचा इशारा कॅल्शियम देते. त्याची सविस्तर कथा तिसऱ्या प्रकरणात आहे.

स्नायू म्हणजे केवळ हालचाल, असे मानून चालणार नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या हुकमाने स्नायूच उचलतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची नवजात बाळे तुलनेला घेतली. आपल्याकडच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५, पण इथल्या बाळांत स्नायू फार कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली. बारीक दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का गाठतो, हे समजून घेताना नजर पोटावर खिळते. ती मांड्या-दंडांकडेही वळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा सर्वांत आवडता भाग मात्र ‘ब्रेक’चा आहे. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या प्रामुख्याने उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो आणि तरीही शरीराच्या वजनाने लांबत असतो. त्या ताणाने तंतूंना बारीक इजा होते. त्याचे खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडण्याची पद्धत व्यायामशाळांतून अजून गेलेली नाही. खरे तर लॅक्टेट तास-दोन तासांत ओसरलेले असते. गंमत अशी की हे लांबत जाणारे ओढणे स्वस्तात पडते. १९५२ साली ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते अडवायचे. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला.

लांबणारा स्नायू, लांबी न बदलता लावता येणाऱ्या कमाल जोरापेक्षाही जास्त भार पेलतो. सरकत्या तंतूंच्या सिद्धान्तातून याचा पूर्ण उलगडा होत नाही. १९५४ मध्ये तंतू दोनच माहीत होते. सत्तरच्या दशकात तिसरा सापडला: टायटिन, मानवी शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन. ते गडद पट्ट्याच्या मध्यापासून फिकट पट्ट्याच्या मधल्या रेषेपर्यंत ताणलेले असते. स्नायू उद्दीपित झाला की टायटिन आणखी ताठर होते का, झाल्यास नेमके कशामुळे, यावर प्रयोगशाळांत आज वाद चालू आहे. शेवटचे प्रकरण त्या वादावर आहे आणि ते मुद्दाम निकाल न देता सोडले आहे.